शुद्धिपत्र

स्पासिया त्रायकोव्स्काचा विषय गोगलगाई.
ओह्रिडच्या तळ्यातल्या, मोहरीएवढ्या,
भिंगाखाली धरून त्यांच्या कवचांचे वेढे मोजण्यात
तिची सत्तावीस वर्षं गेली.
माझा विषय राज्यघटना.
ती तळघरात, मी तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या खिडकीतून तळं दिसतं.
तिच्या खोलीला खिडकी नाही.

सोमवारी वटहुकूम निघाला:
रात्री दहानंतर, वॉरंटाशिवाय, कुणालाही.
मी दोनदा वाचला.
दुसऱ्याच ओळीत घटना मोडत होती.
फळीतली गाठ सुताराच्या बोटाला कळते, तसं कळलं.
समासात पेन्सिलीनं एक उभी रेघ मारली
आणि फाइल बंद केली.

संध्याकाळी ती वर आली, लिफ्ट बंद, धापा टाकत,
हातांना स्पिरिटचा वास, हातात पत्र.
"हे बरोबर आहे का बघ. आणि पहिली सही तू कर,
विषय तुझा आहे."
मी म्हणालो, विषय माझा आहे म्हणूनच
जपून बोलावं लागतं.
ती काही बोलली नाही.
माझ्या टेबलावरचा उरलेला अर्धा बुरेक खाल्ला,
बोटं पत्रालाच पुसली,
आणि खाली गेली.

गुरुवारी धक्क्यावर, रबरी बूट घालून,
भोंग्यात ओरडून ती म्हणाली,
सहाशे मुलं उचलली आहेत.

एकसष्ट होती.

रात्री टीव्हीवर मंत्री गालात हसले:
"गोगलगाईंच्या बाईंनी गोगलगाईच मोजाव्यात."
देश हसला. बुरेकवाला हसला.
मीही, थोडंसं, नाकातून.
नको तिथं नाक खुपसलं की असंच होतं,
असं कॉफीच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं.
बहुधा मीच.

शनिवारी विद्यापीठाच्या फाटकावर
एक टंकलेला कागद चिकटलेला:

*शुद्धिपत्र.
गुरुवारच्या माझ्या भाषणात
'सहाशे'ऐवजी 'एकसष्ट' असे वाचावे.
आकडा ऐकीव होता, मी पडताळला नाही. चूक माझी.
बाकी मजकूर कायम.*

आणि खाली एकसष्ट नावं.
बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहितात तशी:
नाव. कुठून उचललं. किती वाजता. कुणी पाहिलं.
कुणी पाहिलं नसेल तिथं, प्रामाणिकपणे, एक आडवी रेघ.

लोक थांबून वाचत होते.
एक बाई बोट फिरवत फिरवत खाली आली
आणि एका ओळीवर बोट तसंच ठेवून उभी राहिली.

ती पाचशे एकोणचाळीसनं चुकली.
मी आयुष्यात स्वल्पविरामानं चुकलेलो नाही.
मंत्रालयात मला समतोल म्हणतात,
समित्यांवर घेतात, गाडी पाठवतात.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
माझ्या मुठीचा दर तर दरवर्षी वाढतो.

तरी अजून वाटतं,
जाणकाराला न विचारता
भोंगा हातात घ्यायला नको होता तिनं.
आधी कुणाला तरी विचारायचं.

मग आठवतं. विचारलं होतं.
तीन मजले चढून.

यादीत चौदावं नाव दाम्यान.
माझ्या वर्गातला, मागच्या बाकावरचा.
फेब्रुवारीत त्यानं विचारलं होतं,
सर, असा हुकूम उद्या निघाला तर?
मी म्हणालो होतो, अभ्यासक्रमात नाही.
उचललं: बसथांब्यावरून. दहा वाजून चार मिनिटांनी.
कुणी पाहिलं: आडवी रेघ.

त्याच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं.
हजेरीपटामुळे मला बरोबर माहीत होतं.
मी खिशातून पेन्सिल काढली.
पहारेकरी बघत होता.
तेवढं एक अक्षर दुरुस्त केलं,
सुबक, छापल्यासारखं.

कागदाच्या तळाशी
बरीच जागा कोरी सोडलेली होती.
पेन्सिल खिशात ठेवली.