दौलतगंज, सत्तेचाळीस अंश

रामदुलारेची इस्त्री
आज चौथ्या दिवशीही थंड.
तेवढी एकच वस्तू थंड आहे लष्करात.

एका कपड्याचे सहा रुपये.
सलाईन, रिक्षा, रक्ताच्या तपासण्या –
बायको बोटांवर सदरे मोजत बसली,
मग बोटं संपली,
मग पेरं.
ठेल्याचं भाडं रोजचं ऐंशी,
नुसता उभा असला तरी.

‘दुपारी कोळसा पेटवायचा नाही,’
डॉक्टर म्हणाले.
तो ऐकत नव्हता.
त्यांच्या बाहीवरची दुहेरी घडी बघत होता.
कुणा नवशिक्याचं काम.

येताना मी आमचं गाठोडं उचललं,
ठेल्याखाली तसंच पडलेलं.
घरी चादरीची गाठ सोडली.

आतले कपडे गरम होते,
अगदी ताज्या इस्त्रीसारखे.
फक्त चुरगळलेले.