पलीकडची भिंत

तिसरीच्या वर्गात खिडक्यांना चादरी बांधल्यात,
फळ्यावर कालचा बेचा पाढा तसाच.
बाकं जोडून केलेल्या खाटेवर
अडतीस नंबर : जैबुनबी मणियार,
वय, "टाक साठ-पासष्ट",
धंदा बांगड्या, तालुका दारव्हा.

मान डावीकडे, बी. जेल गार लागेल.
"लागू दे वं. बाहीर चव्वेचाळीस हाये."

प्रोब टेकवला की आधी काहीच नसतं,
पाभर फिरलेलं राखाडी वावर नुसतं.
मग मनगट केसभर कलतं
आणि नळी उघडते, लांब, काळी.
रक्त या यंत्राला काळंच दिसतं.
खाली, पलीकडच्या भिंतीवर, दोन पांढऱ्या रेषा,
मधे बारीक अंधार.
त्या अंधारासकट मोजायचं,
फुगवट्याच्या अलीकडे एक सेंटिमीटर,
पुढचा ठोका यायच्या आत.
फ्रीझ.

उजवी ०.८१.
डावी मी तीनदा घेतली.
१.१०. १.१२.
१.०९.

"काय निंघालं?"
डाव्या नळीची भिंत जाड झालीय, बी. जराशी.
ती हसली. "जाड भित तं चांगली ना वं.
माह्या घराची हातभर हाये, मातीची.
मे महिन्यात आत गोधडी लागते."

मला शिकवलेलं सगळं मोठ्या शब्दांत होतं,
जोखीम, दहा वर्षं, टक्के.
त्यातलं एकही त्या वर्गात उभं राहीना.

मग तिनंच माझा हात ओढला,
अंगठ्याचं हाड आत दाबलं, डोळे मिटून,
जत्रेत, लग्नघरी आयुष्यभर दाबत आली तसं.
"दोन-चार. मांगं दोन-सहा असशीन."
होते. मागच्या दिवाळीपर्यंत.
तिनं पुढं विचारलं नाही.

"म्हंजे बांगडी बाहीरून तेच," ती म्हणाली,
"काच आतून चढली."
हो.
"मंग हात जात नाही."
हो, बी.
छताकडं पाहत राहिली थोडा वेळ,
तिथं पंखा नव्हता, नुसता हूक.

चिठ्ठीवर लिहिलं : बीपी, साखर, तंबाखू बंद,
मंगळवारी आरोग्य केंद्रात दाखवणे.
"मंगयवारी बजार रायते."
खोडून गुरुवार केला.

पदरानं गळा पुसता पुसता
तिची बोटं एकमेकांवरून सरकली, पुन्हा सरकली.
"साबनापेक्षा बेस हाये हे. पोरीईच्या हाताले दुखनार नाही.
दे वं थोडंसं."
औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलं.
फॉर्मात त्याला रकाना नाही.

एकोणचाळीस नंबर दाराशीच अडून बसली.
घाबरलेली, नाकावर घाम.
आणि व्हरांड्यातून जैबुनबीचा आवाज :
"जाय ना वं, काही करत नाही ते.
गयाची बांगडी पाह्यते नुसती."