रात्री कुणाला उठवायचं

आमच्या प्रार्थनाघराची घंटा म्हणजे
आंब्याला टांगलेली लॉरीच्या चाकाची कडी.
ती बडवायचा लोखंडी तुकडा
न्यागोंड्वेबाईंनी एका शनिवारी माझ्या हातात दिला,
मासळी तोलून द्यावी तसा.
मी तेव्हा सायकलवरून माणसं वाहायचो,
होड्यांच्या धक्क्यापासून बाजारापर्यंत,
आणि रविवारी मागच्या विटांवर
पाय पसरून झोपायचो.
"आधी तुझी झोप मोडू दे," म्हणाल्या.

पाळक लुहांगांकडे नऊ प्रार्थनाघरं, एक मोटरसायकल.
आमच्याकडे ते येत दोन महिन्यांनी,
पेट्रोल असलं तर.
मधले रविवार कुणाचे?
सभेत कुणी हे विचारलं
की सगळी मंडळी सरोवराकडे बघायची.

शिकवलं असं बाईंनी काहीच नाही.
झाडू दिला.
मग आजाऱ्यांची यादी.
मग दानाची टोपली मोजायला बसवलं,
पण दोघांना मिळून, एकट्याला कधीच नाही.
"विश्वास आहे म्हणूनच दोघं."
हे कळायला मला एक वर्ष लागलं
आणि शेजारच्या गावच्या खजिनदाराचं
नवंकोरं पत्र्याचं छप्पर.

किल्ली मिळाली त्या दिवशी मात्र छाती काढून चाललो.
दाराशी गेलो. किल्ली फिरेना.
कुलूप कधीचंच मोडलेलं,
दार खांद्यानं ढकललं की उघडतं,
हे शेळ्यांनाही ठाऊक.
परत आलो तर बाई कसावा सोलत होत्या.
"किल्ली दारासाठी नाही रे, खुम्बो.
रात्री कुणाला उठवायचं
ते लोकांना माहीत असावं लागतं."

आणि लोक उठवू लागले.
बाळंतीण अडली. होडी परतली नाही.
जाळ्याच्या वाटणीवरून दोन भावांत कोयता निघाला.
मला वचनं पाठ नव्हती,
सायकल होती.

नदीला पूर आला त्या रविवारी
पाळक पलीकडच्या काठावरून हात हलवून मागे फिरले.
बाई पुढच्या बाकावरून उठल्या,
कमरेचं चितेंजे सावरत मागे गेल्या
आणि माझ्या जुन्या विटांवर बसल्या.
मग मी पाऊण तास बोललो.
हरवलेल्या मेंढरावर; आमच्यात मेंढरं कुणी पाळत नाही,
म्हणून शेळी म्हणालो.
लोक हसले, दोघी रडल्याही.
उपासना सुटल्यावर बाई एवढंच म्हणाल्या,
"शेळी सापडली, छान झालं.
काचाली आज आले नव्हते, दिसलं का?"

नव्हतं दिसलं.
मी माझाच आवाज ऐकत होतो.
दुपारी गेलो. म्हातारे अंगणात बसून,
डोळ्यांत मोतीबिंदू, पायाशी मोडलेली काठी.
बस, काठी मोडली होती.

याला अकरा वर्षं झाली.
आता लुसुंगू आहे, सतरा वर्षांची,
पोरांना जाळ्याच्या गाठी मोजून गणित शिकवते,
आणि माझ्या चुका मला प्रार्थनेआधीच सांगते.
बाई विचारतात, "मग?"
मी म्हणतो, लहान आहे. तडकाफडकी बोलते.
हिशेब कच्चा आहे.
बाई हसतात, दात नसलेलं हसू.
हेच सगळं माझ्याबद्दल
त्यांना कुणीतरी ऐकवलं असणार,
आणि त्या कसावा सोलत राहिल्या असणार.

खिशात हात घातला.
गंजकी किल्ली, कुठलंच दार न उघडणारी,
आणि माझी मूठ सुटेना.
शनिवारी शेवटी दिली.
दिली म्हणजे, तिच्या हातात पडली.

काल मध्यरात्री पावलं धावत आली
आणि माझ्या दारावरून पुढे गेली.
मी अर्धा उठलेला, एक चप्पल पायात.
काळोखात बसून राहिलो
कुणाचं काय झालं असेल, ते न कळता.
थोड्या वेळानं दारावर थाप,
लुसुंगूचा धापा टाकणारा आवाज:
"सायकल हवीय."

चाकातली हवा दाबून पाहिली
आणि दिली.