भात पिवळा का होतो

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले,
मुलं उतरवून घेत आली,
परीक्षेत ओतून मोकळी झाली.
यंदा खडू हातात घेतलाच नाही.
टेबलावर ठेवला एक डबा
आणि एक बाटली, वडगावातल्या विहिरीची.

डब्यात भात. पिवळा.
"हळद नाही घातलेली," म्हटलं,
"आणि त्या घरची बाई सांगते,
डाळ मात्र चटकन शिजूलालीय.
का?"
आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

गप्प बसणं केवढं जड असतं
हे बी.एड.लासुद्धा शिकवत नाहीत.

इराण्णा हट्टीहोळीनं बाटलीचा वास घेतला.
नाझनीननं शीत चुरडून बघितलं.
प्रणाली येळ्ळूरकर म्हणाली, लोखंड असणार,
आणि दोन दिवस सगळे लोखंडामागे धावले.
चुकीचं.
मी जीभ दातांखाली धरून.

तिसऱ्या दिवशी नाझनीननं
घरून हळदीत बुडवून वाळवलेला कागद आणला.
थेंब पडला तसा विटकरी झाला.
"क्षार!" इराण्णा ओरडला.
तो कुठल्या भाषेत ओरडला
हे कुणी विचारलं नाही,
शब्द दोन्हीकडे तोच.

मग ब्युरेट. आम्ल, थेंब थेंब.
गुलाबी गेलं एका आकड्यावर,
नारिंगी बदललं दुसऱ्यावर,
दोन्ही आकडे शेजारी मांडून
प्रणालीच म्हणाली, "सोडा. पोत्यातला."

कुठून?
वहीच्या मधल्या पानावर गल्ल्या उमटल्या,
मागांचे खडखडते पत्रे, बोअर, गटार,
सात विहिरी, सात आकडे,
एका बोळाकडे चढत जाणारे.

परशराम सांबरेकर,
इतके दिवस सगळ्यांत बडबड्या,
तिथं थांबला.
त्या बोळात त्याच्या काकाचा हौद.
सुतावर रंग पक्का बसायला सोडा लागतो,
आणि परशरामची फी त्याच हौदातून येते.

सातवा आकडा त्याच्याच अक्षरात होता.
खोडलेला नव्हता.
तीनदा काढलेला.

"मॅडम," तो बाटलीकडे बघत म्हणाला,
"पाणी गटारात सोडायच्या आधी
हौदात किती आम्ल घालायचं,
काकाला परवडेल एवढ्यात,
काढता येईल काय?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.
बावीस वर्षांत वर्गात पहिल्यांदा.

दारात मल्लाप्पा किल्ल्या वाजवत उभा,
"साक री, आता घरी जावा."
कुणी हललं नाही.
नाझनीननं ब्युरेट पुन्हा भरलं.