सुमारे

प्रूफं माझ्याकडे दोन गठ्ठ्यांत येतात.
एक निळ्या दोरीचा, एक साध्या सुतळीचा.
शाळेची इमारत एकच, दारं दोन,
घंटाही दोन, चार मिनिटांच्या अंतरानं,
म्हणून इतिहासही दोन.
छापखाना मात्र एकच,
कारण हर्त्सेगोविनात कागद महाग.

आठवीचं पुस्तक, पान एकशे सहा.
निळ्या गठ्ठ्यात:
'झेलेनाक येथे सुमारे चारशे नागरिक मारले गेले.'
सुतळीच्या गठ्ठ्यात:
'झेलेनाक परिसरात चकमकी होऊन काही जीवितहानी झाली.'
माझं काम विरामचिन्हांचं.
दोन्हीकडे पूर्णविराम जागच्या जागी आहे.

सुतळीवाल्यांचा लेखक विंको दर गुरुवारी येतो,
ओली छत्री दाराबाहेर ठेवतो, आणि सुरू.
"चारशे? मोजले कुणी?"
"मी. चारशे बारा.
वहीत आहेत, नावानिशी,
काहींचं नुसतं बुटाचं माप."
"मग पुस्तकात चारशे का?"
"मुलांना पाठ करायला सोपं, असं समिती म्हणाली."

बारा माणसं गेली
बाराच्या भावात.
त्यातली एक माझी मावशी असेल.
सगळे निघाले तेव्हा ती परत फिरली होती
कोबीच्या पिंपावर दगड ठेवायचा राहिला म्हणून.

"आणि आमचे पोद्लुगचे एकोणतीस?" विंको टेबलावर बोट आपटतो.
"तुमच्या पुस्तकात तर आमचं गावच नाही."
मी नकाशा उघडते.
खरंच नाही.
दोन ओढ्यांच्या मध्ये, जिथं पोद्लुग असायला हवं,
तिथं पानाचा क्रमांक छापलाय.

मग आम्ही भांडतो. आधी कुणी, त्याच्या आधी कुणी,
विंकोच्या आजोबांपर्यंत जातो, माझ्या पणजीपर्यंत,
कॉफी निवते,
तळाशी गाळ बसतो, तोही दोघांचा वेगळा.

एनिसचं मी कुणाला सांगत नाही.
माझ्या बहिणीचा मुलगा. पान एकशे सहा त्याला तोंडपाठ,
इतिहासात पैकीच्या पैकी.
पुढं त्याला कुणीतरी भेटला
ज्याच्या बोलण्यात 'सुमारे' हा शब्दच नव्हता.
सगळं नेमकं: आपला कोण, परका कोण,
विजार घोट्याच्या किती बोटं वर,
स्वर्ग इथून किती लांब.
आजोबांच्या नावानं आई दर वर्षी हलवा वाटायची,
तेही त्यानं पाप ठरवलं. भांडं धुऊन पालथं घातलं.
आणि गेला, दुसऱ्याच कुणाच्या लढाईत, दूरच्या वाळूत.
तिथून एक फोन आला. अकरा सेकंदांचा.
आवाज त्याचा नव्हता.

बहीण विचारते, "तू मोजतेस ना सगळ्यांना?
माझा कुठल्या रकान्यात?
मेलेल्यांच्या, की मारणाऱ्यांच्या?"
बेरजेत हातचा धरावा तसा
मी त्याला बोटावर धरून बसलेय,
मांडायला घर सापडत नाही.

एका गुरुवारी विंकोला सांगून बसले.
का, ते माहीत नाही. पाऊस फार होता, वीज गेली होती.
त्याला म्हणता आलं असतं, 'बघा, तुमचे लोक.'
नाही म्हणाला.
साखरेचा खडा कॉफीत बुडवून
ओला होईपर्यंत धरून राहिला.
पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, एकोणतीस, चारशे बारा,
आवाज चढलेला. मला बरं वाटलं.

पुस्तकं छापून झाली. दोन्ही, जशीच्या तशी.
काल शाळेवरून जाताना पहिली घंटा झाली होती,
दुसरी व्हायची होती.
कुंपणाच्या जाळीला दोन पोरं,
इकडून एक, तिकडून एक,
गोट्यांचा हिशेब करावा तशी:
"तुमच्यात किती?"
"चारशे. तुमच्यात?"
"काही."
"काही म्हणजे किती?"
त्यानं दप्तरातून पुस्तक काढलं,
बोटाला थुंकी लावली, पान उलटलं.
पुढच्या पानावर
कोळशाच्या खाणी होत्या.