हात कडीतून आरपार जातो

तिसरा सिनेमा संपला तेव्हा
सूर्यभान एका दारासमोर उभा होता,
हात कडीकडे निघालेला.
पडदा काळा झाला, लोक शिट्ट्या मारत बाहेर आले.
त्याला नऊ वर्षं झाली.
चौथा सिनेमा यायचा नाही, असं ठरलं;
पुढची गोष्ट गेममध्ये. दार तुम्ही उघडायचं,
तुमच्या अंगठ्याने.

मी महापेला रात्रपाळीत ते दार उघडते.
दोनशे वेळा, तीनशे वेळा.
चालत येऊन, पळत येऊन, जखमी पायाने,
पाठीवर पोतं घेऊन, हातात कंदील घेऊन.
कंदील असला की हात कडीतून आरपार जातो.
लिहिते: बग क्रमांक चार हजार चारशे सतरा. गंभीर.
सकाळी कुणीतरी दुरुस्त करतं.
मग कडी हाताला लागते
आणि कंदील विझतो.

दिवाळी म्हणाले होते. मग गुढीपाडवा.
मग नुसतं 'लवकरच'.
वाशीला, सेक्टर सतरात, बिपिन गालाच्या दुकानात
आगाऊ पैसे भरलेल्यांची वही आहे,
लाल शाईने तारखा खोडलेली.
पहिलं नाव सानपाड्याच्या ओजस तांडेलचं.
लिहिलं तेव्हा त्याचा आवाज फुटायचा होता,
आता दाढी करून येतो, विचारतो,
पैसे मात्र परत मागत नाही.
मी तिथेच उभी असते, मोबाईलची कव्हरं चाळत.
सही केलीय कागदावर, बोलायचं नाही म्हणून.
आणि बोलले असते तरी काय?
दारापलीकडे अजून राखाडी आहे.
फरशी नाही, भिंत नाही.
पाऊल टाकलं की सूर्यभान खाली पडत राहतो,
न ओरडता,
कारण ओरडणं अजून रेकॉर्ड व्हायचंय.

बाबांना तेवढं सांगितलं, सही मोडून.
ते हसले.
सिडकोने शेत घेतलं तेव्हा ते अठरा वर्षांचे.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळणार होता,
पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी.
फाइलीला त्यांनी प्लॅस्टिक घातलं,
मग त्या प्लॅस्टिकला प्लॅस्टिक.
एकोणीस वर्षांनी पत्र आलं, पेढे वाटले,
टेम्पो करून सगळे बघायला गेले द्रोणागिरीला,
तर नंबर होता त्या जागी भरतीचं पाणी
आणि पाण्यात एक बगळा.
"त्याला सातबारा इचारला असता
त त्याचाच निंगाला असता," बाबा म्हणतात.
आणि मग, टीव्ही बघत, माझ्याकडे न बघता:
"घाय नको करू. कच्चं नको देव कोनाला."

आज पुन्हा पुढे ढकललं.
ऑफिसात समोसे आले; वाईट बातमीला नेहमी समोसे येतात.
एकजण म्हणाला, पोरं शिव्या घालतायत आपल्याला.
दुसरा म्हणाला, घालतायत तोवर बरं.

पावणेसहाला घणसोली गावात रिक्षा सोडली.
गल्लीत सुकट वाळत घालायला
अजून कुणी उठलं नव्हतं.
दारापाशी आले, खांद्याला डबा,
डाव्या हातात मोबाईलचा टॉर्च,
आणि थांबले.
हसू नका. नऊ महिने हेच करते मी.
उजवा हात पुढे केला, हळू.
कडी लागली. गार.
टॉर्चही चालूच राहिला.
आतून बाबा:
"ढकल गो, उघरंच हाय."