दुसरी खेप

ती फुकट काम करायची, मी रोज सहाशेवर.
हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना
कुणाला मोठं म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मारेके तिचं नाव. नेदरलँड्सची, दहा दिवसांसाठी आलेली.
करंजाळीच्या पुढे, आश्रमशाळेच्या जेवणाच्या खोलीत
आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीमागे तांदळाचं पोतं टेकवलं.
लोक त्यावर मान टाकून आ करायचे.
मी कपाळाला टॉर्च बांधलेली,
हाताने मदतनीस, तोंडाने दुभाषी.

दुखण्याला तिच्याकडे एकच शब्द होता
आणि एक ते दहा आकडे.
इकडे रांगेत
जिवला महालेचा सुळा ठणकत होता,
सोमीबाईची दाढ शिवशिवत होती,
तिच्या सुनेला गार पाण्याने सणक जायची कानापर्यंत,
आणि एका पोराचे चिंचा खाऊन नुसतेच आंबले होते.
मी सगळ्यांचे आकडे केले. आठ, चार, सहा.
आंबलेल्याला शून्य द्यावा लागला.
पोरगं हिरमुसलं.

मशेरीने काळ्या पडलेल्या हिरड्या बघून
ती काही बोलली नाही, हे मला आवडलं.
गंगापूर रोडवरच्या आमच्या सरांनी भाषण दिलं असतं.

चौथ्या दिवशी येसू भोये आली.
एकोणीस वर्षांची. गाल सुजून डोळा अर्धा मिटलेला.
लवंग दाबून चार रात्री काढलेल्या.
मारेकेने एक्स-रे उजेडात धरला, बराच वेळ पाहिला,
म्हणाली, हिला सांग, ही दाढ वाचते.
तीन खेपा. आज, परवा,
आणि मी निघायच्या आदल्या दिवशी.
अडलेली गाय सुटली
हे सांगत येणाऱ्या माणसासारखा तिचा चेहरा झाला होता.

मी आमच्या बोलीत सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.
येसू दाराबाहेर बघत राहिली.
मुकादमाची पिकअप पहाटे निघणार होती, पिंपळगावला,
द्राक्षाच्या विरळणीला. उचल घेऊन झालेली.
"एका खेपेत काढून होती ना?
मग काढ म्हणावं."

एक आठवडा उशिरा गेली तर? मारेकेने विचारलं.
तुम्ही एक आठवडा उशिरा गेलात तर? मी म्हटलं.
हे भाषांतर नव्हतं.
पोत्यातले तांदूळ जरा सरकले, तेवढाच आवाज.
मग तिने सुई भरली.

दाढ निघाली तेव्हा
वरून एका बाजूने पांढरीशुभ्र होती.
मारेके ती ताटलीत फिरवून फिरवून बघत होती.
येसूने मागून घेतली, पदराच्या टोकाला बांधली.
दुधाची असती तर कौलावर टाकली असती, म्हणाली,
हिचं काय करायचं असतं?
आणि बधिर ओठाने वाकडंतिकडं हसली.
दारातून नवरा ओरडला, "काय दात काढतेस गं?"
"काढला की!"
सगळी रांग हसली. जिवलासुद्धा, ठणका विसरून.

मारेके म्हणाली, काय झालं, मलाही सांग.
मी सांगितलं की आमच्याकडे
हसण्याला आणि उपटण्याला एकच शब्द आहे.
तिने वहीत लिहून घेतलं.
हसली नाही.

संध्याकाळी रजिस्टर भरलं.
'काढले' या रकान्यात एकतीस.
'वाचवले' मध्ये दोन, दोन्ही मास्तरांचे.

जाताना ती टॉर्च मला देऊन गेली.
अजून चालते. माघ लागलाय.
तिसऱ्या खेपेला न आलेल्या एका बाईंना
सरांनी फोन लावायला सांगितला.
त्या म्हणाल्या, आज भिशी आहे हो,
पुढचा गुरुवार चालेल?

चालेल, मी म्हटलं,
आणि वहीत त्यांचं नाव
नीट अक्षरात पुढे ढकललं.